चांगली घात!

"काका, दगड!"

"दिसला!"

"काका, खड्डा!"

"तोही दिसला!"

"काका, म्हैस!"

"आं? कुठाय म्हैस?"

"नाहीये! तुम्ही खरंच समोर बघताय का, ते तपासत होतो!" विकी मागच्या सीटवर खिदळला आणि त्याच क्षणी गाडी अशी उडाली, की त्याचं डोकं छताला आपटलं.

"भोग आपल्या कर्माची फळं!" त्याची मोठी बहीण दिशा म्हणाली. पण तिलाही हसू आवरत नव्हतं. वरकुट्याच्या माळावर शिवमकाकांची नवीकोरी लाल गाडी उधळलेल्या खोंडासारखी पळत होती!

दिशाची सातवीची परीक्षा संपून दोन दिवस झाले होते. विकी पाचवीत, आणि त्याच्या मते परीक्षा हा प्रकार सरकारने केवळ त्याला छळायला काढला होता. तिसरी पायल. ती आठवीत, बारामतीला यांच्या शेजारीच राहायची. तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. बाकीच्या मुली सुट्टीत मेंदीचे कोन हातात धरायच्या, पायल पाना धरायची.

शिवमकाका म्हणजे दिशा-विकीच्या बाबांचे धाकटे भाऊ. ते पुण्याला कंपनीत होते. चारही चाकांना जोर असलेली गाडी त्यांनी घेतली आणि जाहीर करून टाकलं, "परीक्षा संपली की मनाली! बर्फातून गाडी घालू!" महिनाभर मुलांना बर्फाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आणि ऐन वेळी काकांची रजा नामंजूर! हातात उरले फक्त शनिवार-रविवार.

"मनाली नाही तर नाही. आपला इंदापूरचा माळ काय वाईट आहे?" काका म्हणाले होते.

"बर्फ कुठाय तिथं?" विकीचा प्रश्न रास्त होता. एप्रिल संपत आला होता आणि कोऱ्हाळ्याला बाबांच्या आईच्या, केसरबाई आजीच्या अंगणात अनवाणी उभं राहवत नव्हतं.

तरी काकांनी मनालीसाठी घेतलेलं जाडजूड जॅकेट गाडीत टाकलंच होतं. दुकानदार परत घेईना म्हणे!

"काका," पायल एकदम म्हणाली, "बॉनेटखाली काहीतरी खडखडतंय. गाडी उडाली की आवाज येतोय. बॅटरीपाशी बघायला पाहिजे."

"पायलताई, ही काही तुमच्या गॅरेजमधली गाडी नाही. नवीन आहे! हिला काहीही होत नाही!" काकांनी मोबाईल आरशापाशी लटकवला. चित्रीकरण चालू होतं. काकांना गाडी चालवण्यापेक्षा ती चालवताना दिसण्याची हौस जास्त होती.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. आताही पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं. गाडी एका उतारावर आली. वरच्या अंगाला जोंधळा काढून नेलेल्या रानाची एक लांब पट्टी होती आणि तिथं नुसती धसकटं उभी होती. खालच्या अंगाला काळंभोर रान, त्याच्याही पलीकडे ओढा.

वरच्या बांधावर एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, हातात काठी, जवळ तीन शेळ्या. त्यातल्या पांढऱ्या शेळीच्या गळ्यात लाल चिंधी बांधलेली. गाडी दिसताच म्हातारी दोन्ही हात वर करून ओरडायला लागली. वाऱ्याने निम्मे शब्द पळवले, उरलेले गाडीत आले.

"...नगाऽऽ! वर... घात हाय! चांगली घात हाय!"

"ऐकलंत?" काकांचे डोळे मोठे झाले. "घात आहे म्हणते! घात! अरे, मी परवाच मोबाईलवर बघितलं. निर्जन जागी एखादी म्हातारी उभी करतात, गाडी थांबली की झुडपातून चौघं बाहेर येतात!"

"पण काका, घात करणारे आधी ओरडून सांगतात का?" दिशाने विचारलं.

"म्हणजे ती बिचारी आपल्याला सावध करतेय! वर धोका आहे. चला, खालून!"

काकांनी चाक गर्रकन वळवलं. दिशाने मागच्या काचेतून बघितलं. म्हातारी काठी टेकत बांध उतरायला लागली होती. ती हातवारे करत त्यांच्याच दिशेने येत होती. धोक्याचा इशारा देणारं माणूस असं मागे मागे कशाला येईल? दिशाच्या मनाला ते खटकलं, पण तेवढ्यात गाडी काळ्या रानात शिरली.

वीस पावलं गेली असेल नसेल. चाकं फिरत राहिली, गाडी जागेवरच! चिखलाचे फवारे उडाले, काकांनी आणखी जोर दिला, पुढचं चाक कशावर तरी दाणकन आदळलं आणि सगळं एकदम शांत झालं. इंजिन बंद. पडद्यावरचा नकाशा गेला, गाणं गेलं, दिवेही गेले.

काकांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. साधा टक् असा आवाजसुद्धा नाही.

"हिला काहीही होत नाही," विकी हळूच म्हणाला.

"विकी!"

"मी गाडीचं कौतुक करतोय!"

"काका, बॉनेट उघडू का? मला वाटतं बॅटरीची तार..." पायलने सुरुवात केली.

"खबरदार! बॉनेटला कुणी हात लावायचा नाही! वॉरंटी जाईल! कंपनीला फोन करू, ते क्रेन पाठवतील." काकांनी मोबाईल वर धरला, खाली धरला, खिडकीबाहेर धरला. रेंजचा पत्ता नव्हता.

आणि मग छतावर खट्ट झालं.

"दगड मारतायत! आले! म्हटलं नव्हतं मी?" काका सीटवर खाली सरकले.

खट्ट! खटखट! खडखडखडखड! बॉनेटवर पांढरे गोळे टणाटण उड्या मारायला लागले. लिंबाएवढे, काही तर त्याहून मोठे!

"गाराऽऽ!" तिघंही एका सुरात ओरडली.

दहा मिनिटं एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आभाळ फाटलं होतं. समोरची काच टिकेल की नाही, या भीतीने काका प्रत्येक गारेला "आई गं!" म्हणत होते. जणू ती त्यांच्याच पाठीत बसत होती! मग जसं सुरू झालं तसंच ते थांबलं. ढगांना फट पडली, ऊन आलं. मुलांनी दारं उघडली आणि तशीच थबकली.

सगळा माळ पांढरा झाला होता! बांध पांढरे, बाभळी पांढऱ्या, गाडीचं छत पांढरं. पायाखाली घोट्यापर्यंत गारांचा थर, तोंडातून वाफ निघतेय आणि वर ऊन लखलखतंय!

"मनालीऽऽ!" विकीने सरळ अंग झोकून दिलं. "अगं आई गं, टोचतंय! पण मनालीऽऽ!"

पुढची पाच मिनिटं कुणीच शहाण्यासारखं वागलं नाही. पायलने गारांचा गोळा करून विकीच्या शर्टात सोडला. दिशाने मूठभर गारा तोंडात कोंबल्या. काकांनी जॅकेट चढवून बर्फातल्या गाडीसमोर आठ फोटो काढले. मग त्यांना आठवलं, की गाडी बंद आहे. उन्हात घाम फुटला तसं जॅकेट काढून त्यांनी सीटवर फेकलं.

"मी त्या टेकडीवर जाऊन रेंज बघतो. तुम्ही गाडीपासून हलायचं नाही. आणि बॉनेट?"

"हात लावायचा नाही!" तिघंही शहाण्या बाळांसारखी म्हणाली.

काका घसरत, सावरत दिसेनासे झाले. विकी दुसरा गोळा वळत होता, तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला.

"बेंऽऽ!"

तीन शेळ्या गारांतून अंग थरथरवत त्यांच्याकडे येत होत्या. पांढरीच्या गळ्यात लाल चिंधी.

"त्या आजीच्या शेळ्या!" दिशा म्हणाली. "पण आजी कुठाय?"

माळ सगळा मोकळा दिसत होता. हिरवं लुगडं कुठेच नव्हतं.

"गेली असेल घरी," विकी म्हणाला.

"शेळ्या टाकून? शेळ्या राखणारं माणूस एक वेळ चप्पल विसरेल, शेळ्या नाही विसरणार." दिशाच्या डोक्यात मघापासून टोचत असलेला काटा आता जोरात टोचायला लागला. "पायल, आजी काय ओरडत होती? नेमके शब्द सांग."

"चांगली घात हाय."

"चांगली! घात शब्दाचं लिंग कोणतं?"

"आता सुट्टीतसुद्धा व्याकरण?" विकी कळवळला.

"अरे, घात झाला. मोठा घात. विश्वासघात केला. पुल्लिंगी! मग 'चांगली घात' कशी?"

"आजी चुकली असेल. मी पण चुकतो."

"तू परीक्षेत चुकतोस. बोलताना चुकतोस का? 'चांगली चिखल' असं कधी म्हणालास? कुणीच म्हणत नाही! म्हणजे आजी म्हणाली ती घात हा वेगळाच शब्द आहे. स्त्रीलिंगी. आणि चांगली! म्हणजे चांगलं काहीतरी! ती आपल्याला पळवून लावत नव्हती, पायल. ती आपल्याला बोलावत होती!"

पायलचा चेहरा बदलला. "आणि आपण पळालो. ती आपल्या मागून बांध उतरत होती."

"आणि मग गारा पडल्या," दिशा म्हणाली. उघड्या माळावर, लिंबाएवढ्या गारांत, एक म्हातारी!

"शेळ्यांच्या खुरांचे ठसे बघा!" विकी ओरडला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. पांढऱ्या थरावर खुरांची एक सरळ ओळ उमटली होती. ती वरच्या अंगाने आली होती. पण ऊन तापत होतं आणि ठशांच्या कडा वितळून पसरायला लागल्या होत्या.

"पंधरा मिनिटांत काही दिसणार नाही. तुम्ही दोघं पळा!" पायलने बाह्या वर सारल्या. "आजी सापडली तर गाडी लागेल. मी बॉनेट उघडतेय. वॉरंटी गेली तर गेली!"

दिशा आणि विकी ठशांच्या मागे धावत सुटले. गारांवरून पाय सरकत होते. विकी दोनदा आपटला, दिशा एकदा. एका ठिकाणी ओळ पुसट होऊन गेली तेव्हा विकीने लेंड्या शोधून काढल्या आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "पुरावा!"

बांधाच्या खाली, पाणी मुरावं म्हणून खणलेला एक लांब चर होता. ठसे तिथं येऊन गोल गोल फिरले होते. शेळ्या बराच वेळ तिथंच घुटमळल्या असणार. दिशाने वाकून आत बघितलं.

"आजी!"

म्हातारी चरात बसली होती. पाठ मातीला टेकलेली, डोक्यावर पदर, कपाळावर टेंगूळ. वितळलेल्या गारांचं पाणी चारही बाजूंनी चरात उतरत होतं आणि तिच्या कमरेपर्यंत आलं होतं. तिचे ओठ निळसर पडले होते.

"आलात व्हय?" ती म्हणाली. दात एकमेकांवर वाजत होते. "माज्या शेळ्या कुठं हायती?"

"आमच्या गाडीपाशी आहेत. तिन्ही! आजी, उठता येतंय?"

"न्हाय गं बाय. नडगी मोडली जनू. गारा चुकवाय गेले अन् हितं पडले. लई हाका मारल्या. कुनाला ऐकू जानार?"

दिशाने आणि विकीने काखेत हात घालून ओढून बघितलं. म्हातारी इतकी कळवळली, की दोघांनी लगेच हात सोडले. पाणी बोटभर आणखी चढलं होतं.

"विकी, जा! जॅकेट घेऊन ये!"

विकी एवढ्या जोरात आजवर फक्त मधल्या सुट्टीची घंटा ऐकून पळाला होता. दिशा चरात उतरली. थंडगार पाण्याने तिला हुडहुडी भरली. तिने म्हातारीला पाठीमागून घट्ट धरलं आणि तिला बोलतं ठेवलं. म्हातारीचं नाव ठमाबाई होतं. तिचा मुलगा जोतीराम आज इंदापूरच्या बाजाराला गेला होता आणि तिचा फोन पाण्यात बुडून मेला होता.

"आजी, चांगली घात म्हणजे काय?"

"आं?" ठमाबाईंनी मान वळवली. "घात ठावं न्हाय? रान पावसानं भिजलं, की आधी चिखल हुतो. मग हळूहळू वल मुरती. चिखल बी न्हाय अन् कोरडं बी न्हाय, आसं रान झालं की म्हनायचं, घात आली. मग औत घाला, चाक घाला, रुतायचं न्हाय. वरच्या पट्टीत मुरूम हाय, तितं कालच्या पावसाची चांगली घात आलीया. खाली सगळा राडा, नुसता चिखल. म्हनून वरडत हुते, खाली जाऊ नगा, वरनं या! तर तुमी पळालात चोर लागल्यागत!"

दिशाला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. सहामाहीला मराठीत तिला अठ्ठ्याण्णव गुण होते, आणि एवढा साधा शब्द तिला कधी भेटला नव्हता!

"पण आता सगळं पांढरं झालंय. घात कुठे आणि चिखल कुठे, कसं ओळखायचं?"

"गारा वरच्या वर हायती. सारायच्या. खालची मूठभर माती घ्यायची, दाबून तिचा लाडू वळायचा आन् खाली टाकायचा. लाडू फुटला, की घात. पचकन बसला, की राडा. वळलाच न्हाय, तर कोरडं."

एवढ्यात खालून आवाज आला. पोंऽऽऽ! पोंऽऽ! पोंऽऽ!

"हॉर्न! गाडी चालू झाली!" दिशा चरातूनच किंचाळली.

विकी जॅकेट घेऊन धापा टाकत परतला. मनालीसाठी घेतलेलं ते जॅकेट त्यांनी ठमाबाईंच्या अंगावर चढवलं. दिशाने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "आजीला झोप लागू द्यायची नाही. तू बोलत राहायचं. येईल तुला?"

"मला?" विकी म्हणाला. "शाळेत मला बोलायचं थांबवण्यासाठी तीन शिक्षक लागतात!" आणि तो चरात उतरला. "तर आजी, मी पाचवीत आहे आणि आमच्या गणिताच्या सरांना..."

दिशा खाली पोहोचली तेव्हा शिवमकाका हॉर्न ऐकून टेकडीवरून आले होते आणि लालबुंद होऊन ओरडत होते. "बॉनेट उघडलंस? मी काय सांगितलं होतं?"

"बॅटरीची तार निसटली होती, काका. बसवली. दहा नंबरचा पाना लागला, दोन मिनिटांचं काम होतं," पायल शांतपणे म्हणाली. तिच्या नाकाला काळं लागलं होतं.

दिशाने एका दमात सगळं सांगितलं. काकांचा राग जागीच विरला. "म्हणजे ती म्हातारी... अरे देवा! चला, चला! नकाशावर बघितलंय मी. ओढ्यातून गेलं की पलीकडे लगेच डांबरी रस्ता. तिकडून वळसा घालून तिच्यापाशी येऊ. सोपं आहे!"

"काका, ओढ्यातून नको! वरच्या पट्टीतून जायचं, तिथं घात आहे!"

"दिशा, नकाशा उपग्रहावरून बनवतात! म्हातारीच्या अंदाजावर मी गाडी घालू?" काकांनी आत बसून किल्ली फिरवली.

काही नाही. पुन्हा सगळं मेलेलं.

खिडकीबाहेर पायल उभी होती. एका हातात पाना, दुसरा हात पाठीमागे. "तार मी परत काढली, काका. वरच्या पट्टीतून जायचं ठरलं, की लगेच लावते."

"पायल! हे ब्लॅकमेल आहे!"

"हो, काका."

काकांनी पायलकडे पाहिलं, दिशाकडे पाहिलं. दिशा कमरेपर्यंत भिजली होती, थरथरत होती, आणि डोळे मात्र काकांवरून हलवत नव्हती.

"ती आपल्याला वाचवायला खाली आली होती, काका," ती म्हणाली. "एकदा तिचं ऐकलं नाही. आता तरी ऐकू या."

काकांनी किल्लीवरचा हात काढला. "लाव तार."

मग जी धावपळ उडाली! तिघांनी वरच्या पट्टीतली धसकटं उपटून उपटून चाकांखाली दडपली. हात सोलवटून निघाले. "पुढे नाही, आलो तसं मागे घ्या! आणि जोर देऊ नका, हळू!" पायल एखाद्या उस्तादासारखी हुकूम सोडत होती. गाडीने एकदा हिसका दिला, दोनदा दिला, चाकांनी धसकटं धरली आणि गाडी चिखलातून बाहेर आली.

"हुर्रेऽऽ!"

आता दिशा पुढे आणि गाडी मागे. दहा पावलं चालायचं, गारा सारायच्या, माती उचलायची, लाडू वळायचा, टाकायचा. पचक! "डावीकडे घ्या!" पुन्हा दहा पावलं. पचक! "आणखी वर!" तिची बोटं गारठून आपली वाटेनाशी झाली होती. पुन्हा लाडू. तो पडला आणि भुगा होऊन विखुरला!

"घात! काका, घात आली! या!"

चाकं वरच्या पट्टीवर आली आणि खरंच, रुतली नाहीत. गाडी सुतासारखी सरळ चालत राहिली. दिशा पुढे धावत होती, लाडू फोडत होती, आणि प्रत्येक फुटलेल्या लाडवाला "घात!" म्हणून आरोळी ठोकत होती. मागे ढोलाच्या जोडीला ताशा असावा तशी पायलही तिच्या पाठोपाठ ओरडत होती.

अर्ध्या वाटेवर एकदम घरघर ऐकू आली. सगळे मागे वळले. खाली ओढ्यातून तांबड्या पाण्याचा लोंढा येत होता. त्यावर गारांचे ढीग, फांद्या आणि एक अख्खं बाभळीचं झाड वाहत चाललं होतं. उपग्रहाने दाखवलेली सोपी वाट पुरुषभर पाण्याखाली गेली होती.

काकांनी सवयीने पुन्हा आरशापाशी लटकवलेला मोबाईल काढून खिशात ठेवला.

चरापाशी पोहोचले तेव्हा विकी ठमाबाईंना तिसऱ्यांदा आपल्या क्रिकेटच्या सामन्याची हकीकत ऐकवत होता आणि ठमाबाई पुटपुटत होत्या, "आरं, जरा गप की रं लेकरा!" पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं.

काका बुटांसकट चरात उतरले. पायलने शाळेत शिकल्याप्रमाणे मोडलेल्या पायाला आधार बांधायचं ठरवलं. सरळ काठी हवी होती. ठमाबाईंची काठी वाहून गेलेली. पायलची नजर काकांच्या सेल्फी काढायच्या दांड्यावर गेली.

"घे," काका म्हणाले. "चांगल्या कामाला लागू दे एकदा."

तिने आपल्या ओढणीने दांडा पायाला बांधला, मग सगळ्यांनी मिळून ठमाबाईंना अलगद उचललं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. गाडी निघणार, तर ठमाबाई उठून बसायला लागल्या.

"माज्या शेळ्या न्हाय आल्या तर म्या न्हाय येनार!"

शेळ्या गाडीमागोमाग आपसूकच आल्या होत्या. काकांनी नव्या गाडीकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडलं. तिन्ही शेळ्या डिकीत चढल्या. विकी त्यांच्यामध्ये बसला आणि इंदापूर येईपर्यंत पांढरीने त्याची कॉलर खाल्ली.

सरकारी दवाखान्यात ठमाबाईंना लगेच आत घेतलं. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "नडगीचं हाड मोडलंय, पण जुळेल. गारठ्याने जास्त घाबरवलं होतं. अजून थोडा वेळ त्या पाण्यात राहिल्या असत्या, तर मला काही करता आलं नसतं. आणि ही कामटी कुणी बांधली?" त्यांनी दांडा वर धरला. पायलने भीतभीत हात वर केला. "उत्तम बांधलीयस. माझ्या हाताखाली येशील का?"

"आधी गॅरेज बघायचंय, मॅडम," पायल म्हणाली आणि सगळे हसले.

दवाखान्यातून निरोप गेला तसा जोतीराम बाजारातून धावतपळत आला होता. तो काकांचे हात धरून आभार मानायला लागला, तेव्हा काकांनी मान खाली घातली. "दादा, माझे आभार मानू नका. तुमच्या आई आम्हाला सांगत होत्या, मीच पळालो. या पोरांनी त्यांना शोधलं. मी सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी ऐकली नाही, म्हणून आई वाचल्या."

"काका, हे बाबांनाही असंच सांगाल ना?" विकीने लगेच विचारलं.

"शब्दन् शब्द सांगेन!"

फोनवर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते एवढंच म्हणाले, "दिशा, तुझ्यावर रागवायचं होतं, पण आता ते राहू दे. शाबास!" कोऱ्हाळ्याहून केसरबाई आजीने तिथल्या तिथे फर्मान काढलं, की उद्या तिघांना पुरणपोळी, आणि शिवमला नाही.

दिशा मात्र ठमाबाईंच्या खाटेपाशी गेली.

"आजी, तुम्ही आमच्यासाठी बांध उतरलात. आम्ही पळालो नसतो, तर तुम्ही पडलाच नसता." शेवटचा शब्द बोलताना तिचा आवाज फुटला.

ठमाबाईंनी डोळे किलकिले केले. "व्हय. पळालात खरं. मला लई राग आला हुता. चरात बसून म्या तुमाला लई शिव्या दिल्या."

"कोणकोणत्या?" विकीने उत्सुकतेने विचारलं.

"गप रं!" ठमाबाई हसल्या आणि त्यांनी दिशाचा हात आपल्या हातात घेतला. तो अजून गार होता, नखांत काळी माती होती. "ऐक, बाय. पळून जानारी लई बघितली म्या. जोतीरामाचा बा गेल्यापासनं त्या माळावर एकलीच शेळ्या राखती मी. किती जनांस्नी हाका मारल्या आसतील. माजा शबुद डोक्यात धरून, त्याचा माग काढत परत आलेली तू पयलीच."

दिशाने मान हलवली. ठमाबाईंचे डोळे मिटत गेले, श्वास संथ झाला, पण हात काही सुटला नाही. दिवे लागले, जोतीराम चहा घेऊन आला, काकांनी दोनदा "निघू या का?" असं दारातून विचारलं. दिशाने तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि ती तशीच खाटेपाशी उभी राहिली.